परक्या भिंतीवरची रांगोळी

आपल्या अंगणात आपण रांगोळी काढली, तर तिला कोणाची परवानगी लागत नाही. रस्त्याने जाणारा-येणारा ती पाहतो, क्षणभर पाऊल आवरतो आणि पुढे जातो. त्याच्याकडून आपण काही मागत नाही. पण हीच रांगोळी आपण शेजाऱ्याच्या अंगणात, तो झोपेत असताना, त्याला न विचारता काढली तर? हात तोच, रंग तेच, हेतूही निर्मळ. तरीही सकाळी दार उघडल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली, तर त्याला दोष देता येईल काय? आणि ती रांगोळी पाण्याने पुसली न जाणारी असेल तर?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. पॅरिस शहरात एक कलावंत १९९८ पासून नेमका हाच उद्योग करीत आला आहे. ‘इन्व्हेडर’, म्हणजे चढाई करणारा, हे त्याने घेतलेले नाव. लोकांपुढे यायचे झाले तर तो तोंड झाकून येतो. न्हाणीघराच्या भिंतीला लावतात तसल्या लहान चौकोनी टाइल्स जुळवून तो चित्रे तयार करतो. १९७८ साली जपानमध्ये निघालेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाच्या खेळात पडद्यावरून खाली उतरणारे परग्रहवासी असत. ते सारे चौकटी-चौकटींचे. म्हणून टाइल्सना ते फार चांगले मानवले. रात्री शिडी लावायची, सिमेंटने चित्र बसवायचे आणि निघून जायचे. कुठे रस्त्याच्या नावाच्या पाटीशेजारी, कुठे इमारतीच्या कोपऱ्यावर, माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ही चित्रे बसली आहेत. २०२४ साली एकट्या पॅरिसमध्ये त्यांची संख्या १,५०० झाली. २००८ मध्ये हा गृहस्थ आपल्या वाराणसीलाही येऊन गेला.

याला गुप्तदान म्हणण्याचा मोह होतो. नाव नाही, मोबदला नाही, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही! पण थोडा विचार केला म्हणजे हा मोह आवरावा लागतो. गुप्तदान करणारा दिलेले विसरतो. हा तर प्रत्येक चित्राला क्रमांक देतो, त्याची नोंद ठेवतो, त्याला गुणही ठरवून देतो. २०१४ पासून चित्रे शोधणाऱ्यांना मोबाइलवर ते गुण मिळवण्याची सोय झाली आहे. शिवाय भिंतीवरच्या चित्राची एक जोडप्रत करून ती विकली जाते. यात पाप काही नाही. कलावंताला पोट असतेच. पण पुण्याच्या खात्यावर टाकून परवानगीचा प्रश्न मिटवता येणार नाही, एवढे खरे.

सौंदर्य म्हणजे परवानगी नव्हे. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या सरकारी अधिकाऱ्यांनी त्याची कित्येक चित्रे काढून टाकली, तेव्हा पुष्कळ नागरिक हळहळले. ती हळहळ मला समजते. पण अधिकारी चुकले असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही. सुंदर वस्तूला न विचारता चिकटण्याचा हक्क दिला, तर सुंदर काय ते कोणी ठरवायचे? मलमाच्या जाहिराती चिकटवणाराही आपली जाहिरात सुंदरच समजतो.

आणि तरी २०१७ साली पॅरिसमध्ये जे घडले ते विचार करायला लावते. नगरपालिकेच्या कामगारांसारखा वेश करून दोन माणसे आली आणि दिवसाढवळ्या यातली काही चित्रे उखडून घेऊन गेली. नगरपालिकेने त्याविरुद्ध तक्रार नोंदवली. म्हणजे गंमत पाहा : जी चित्रे लावताना कोणी तिला विचारले नव्हते, ती गेल्यावर मात्र तिला आपले काही गेलेसे वाटले! आणि चोरांच्या हाती लागले काय? तसल्या टाइल्स बाजारात कोणालाही मिळतात. त्यांचे मोल त्या जागेत होते, आणि जागा काही उखडून नेता येत नाही.

या हकिकतीत मला सर्वांत मोलाची वाटतात ती निराळीच माणसे. चित्र चोरीला गेले, फुटले, की त्याचे काही चाहते तशाच रंगाच्या टाइल्स मिळवतात, मूळ चित्र पाहून एकेक चौकोन मोजतात आणि त्याच जागी तेच चित्र पुन्हा बसवतात. क्रमांक जुनाच राहतो. बसवणाऱ्याचे नाव भिंतीवर कुठेच येत नाही. गुप्तदान हा शब्द वापरायचाच तर तो इथे शोभेल. मी शाळामास्तर आहे. वर्ग कोणाचा, हे मी हजेरीपटावरून ठरवीत नाही. वाकडी झालेली तसबीर न सांगता जो सरळ करतो, वर्ग त्याचा असे मला वाटते.

मग भिंत कोणाची? कायद्याने घरमालकाची, आणि ते तसेच असावे. तो ‘काढा’ म्हणाला, तर चित्र काढले पाहिजे. पुन्हा बसवणाऱ्यांनीही त्याचा शब्द मानला पाहिजे. मात्र भिंतीला दोन बाजू असतात, हे घरमालकानेही विसरू नये. आतल्या बाजूशी त्याचा संसार चालतो; बाहेरची बाजू तो स्वतः क्वचितच पाहतो. ती जन्मभर पाहतात ती त्या रस्त्याने जाणारी-येणारी माणसे : दूधवाला, शाळेला निघालेली पोरे, काठी टेकीत फिरायला जाणारे म्हातारे. तिच्यावर त्यांची मालकी नाही, पण त्यांचा काहीच संबंध नाही असेही नाही. तेव्हा छिन्नी लावण्याआधी मालकाने एकदा जिना उतरून खाली यावे, समोरच्या फुटपाथवर उभे राहावे, आणि आपली भिंत त्यांच्या डोळ्यांनी पाहावी. मग काय तो निर्णय त्याने खुशाल घ्यावा.