साधना आणि दिवसाची रोजकीर्द



शिबिर संपवून घरी परतलेल्या तरुण साधकाच्या मनात उत्साह मावत नाही. पहाटे उठायचे, जप करायचा, ध्यानाला बसायचे असे अनेक संकल्प त्याने केलेले असतात. हे सर्व चांगलेच आहे. पण पंधरा दिवसांत घरात काही वेगळेच घडू लागते. आईने आवडीची म्हणून तळलेली कांदाभजी तो ताटातून बाजूला सारतो आणि 'हे तामसी आहे' असे तिला ऐकवतो. शाळेपासूनच्या मित्रांचे फोन उचलत नाही, कारण त्यांच्या गप्पा आता त्याला 'संसारी' वाटतात. कधीकाळी आवडीने वाजवलेला तबला कपाटावर चढतो. अभ्यास किंवा कचेरीतले काम तो कसेबसे उरकतो, कारण आपले खरे जीवन पहाटेच्या त्या एका तासात आहे अशी त्याची समजूत झालेली असते. आई काही बोलत नाही. ती फक्त पुढच्या वेळी भजी करत नाही.

तुम्ही इंदूरला राहत असाल, बडोद्याला असाल, हैदराबादेत नोकरी करत असाल किंवा पुण्यात शिकत असाल, असे घर तुम्ही कुठेतरी पाहिलेच असेल. म्हणून आज आपण एका साध्या प्रश्नाचा विचार करूया. पहाटेचा एक तास साधनेचा, तर उरलेले तेवीस तास कोणाचे?

अर्जुनाने मागितलेली क्षमा

गीतेचा अकरावा अध्याय आपण विश्वरूपदर्शनासाठी वाचतो. पण त्याच अध्यायात, ४१व्या आणि ४२व्या श्लोकांत अर्जुन जे बोलतो त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. विराट रूप पाहून थरथरणारा अर्जुन म्हणतो की, मी तुला मित्र समजून नावाने हाका मारल्या, थट्टा केली. खेळताना, पहुडलेले असताना, बसलेले असताना, जेवताना तुझा जो अनादर झाला असेल त्याची मला क्षमा कर.

जरा ही यादी पाहा. खेळणे, विश्रांती, गप्पांची बैठक, जेवण. दोन मित्रांचे जसे दिवस जातात तसेच हे दिवस आहेत. ज्याला अर्जुन आज हात जोडत आहे तो या प्रत्येक ठिकाणी त्याच्या शेजारीच होता. भगवंत इतकी वर्षे एकाच पंक्तीला जेवत होता आणि अर्जुनाला ते कळले नव्हते.

पुढे काय घडते तेही महत्त्वाचे आहे. श्रीकृष्ण ते भव्य रूप आवरून घेतात आणि पुन्हा सौम्य मानवी रूपात समोर येतात. ते पाहिल्यावर अर्जुन म्हणतो, आता माझे चित्त ठिकाणावर आले. त्याला शांती मिळाली ती मित्राचा ओळखीचा चेहरा पाहून. ज्या साधनेमुळे आपल्याला ओळखीचे चेहरे नकोसे होतात, ती साधना कोणत्या दिशेने चालली आहे हे आपणच तपासायला हवे.

'युक्त' म्हणजे काय?

सहाव्या अध्यायात भगवंत ध्यानयोग शिकवतात. आसन कसे असावे, दृष्टी कुठे असावी हे सांगून झाल्यावर १७व्या श्लोकात ते एकदम रोजच्या जगण्याकडे वळतात. ज्याचा आहार आणि विहार युक्त आहे, कर्मांतील प्रयत्न युक्त आहेत, झोप आणि जाग युक्त आहे, त्याचा योग दुःख दूर करतो, असा त्याचा भावार्थ आहे. त्याच्या आधीच्याच श्लोकात स्पष्ट केले आहे की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही.

म्हणजे स्वयंपाकघर, मोकळा वेळ, कामाची जागा आणि अंथरूण या चारही ठिकाणांचा उल्लेख ध्यानाच्या अध्यायातच आला आहे. ध्यान सुटल्यावर साधना संपत नाही, ती घरभर फिरू लागते. चला, आपणही तिच्यामागून जाऊया.

स्वयंपाकघरात

सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचे वर्णन सतराव्या अध्यायात ८ ते १० या श्लोकांत आहे. तिथे कोणत्याही भाजीचे नाव नाही. रसयुक्त, स्निग्ध, मनाला आवडणारे, अति तिखट, अति उष्ण, शिळे अशी अन्नाची लक्षणे सांगितली आहेत. अनेक साधक हे तीन श्लोक पाठ करतात आणि तिथेच थांबतात. पण त्याच अध्यायात थोडे पुढे, १५व्या श्लोकात, वाणीचे तप सांगितले आहे. जे बोलणे दुसऱ्याला उद्विग्न करत नाही, जे खरे, प्रिय आणि हितकारक असते, ते वाणीचे तप होय. आणि १८व्या श्लोकात सांगितले आहे की मानसन्मानासाठी किंवा दिखाव्यासाठी केलेले तप राजस असते.

आता हिशेब करा. ताटातला पदार्थ सात्त्विक आहे की नाही यावरून आपण स्वयंपाक करणाऱ्या माउलीला दुखावले, तर आहाराचा नियम पाळताना वाणीचा नियम मोडला. ताट सात्त्विक राहिले, तप मात्र राजस झाले.

मग नियम पाळायचा नाही का? जरूर पाळा. पण त्याचा भार दुसऱ्यावर टाकू नका. काय खाणार नाही ते आदल्या दिवशी प्रेमाने सांगा. स्वतः ओट्यापाशी उभे राहा. कणीक मळून द्या, भाजी निवडा, आठवड्यातून एकदा घरातल्या सर्वांसाठी स्वयंपाक करा. तिसऱ्या अध्यायात (श्लोक १३) केवळ स्वतःसाठी अन्न शिजवणाऱ्यांबद्दल भगवंतांचे शब्द फार कठोर आहेत. घरातल्या दुसऱ्या कोणासाठी भाकरी थापताना आपण त्या दोषातून सहज बाहेर पडतो.

एकाग्रता शिकायची असेल तर साधी फोडणी करून पाहा. तेल पुरेसे तापण्याआधी मोहरी टाकली तर ती तडतडत नाही, कच्चीच राहते. तेल जास्त तापले तर हिंग आणि हळद करपते. त्या अर्ध्या मिनिटात तुमचे मन मोबाइलमध्ये होते की कढईपाशी, हे घरातल्या सर्वांना पहिल्या घासालाच समजते! तैत्तिरीय उपनिषदात वरुणाचा पुत्र भृगू तप करून ब्रह्माचा शोध घेतो, तेव्हा त्याच्या शोधातली पहिली पायरी अन्न हीच आहे. प्राण, मन, विज्ञान आणि आनंद या पायऱ्या त्यानंतर येतात. आणि आनंदापर्यंतचा हा प्रवास सांगून झाल्यावरही ते उपनिषद अन्नाची निंदा करू नये, हे व्रत म्हणून सांगते.

मित्रांमध्ये

संत गोरोबाकाकांची कथा तुम्ही ऐकलीच असेल. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईंनी गोरोबांच्या हातातले थापटणे पाहिले आणि हे कशासाठी, असे विचारले. मडके कच्चे की पक्के ते पाहण्यासाठी, असे उत्तर मिळाल्यावर त्या म्हणाल्या, मग ही इथे बसलेली मडकी तपासा. गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत राहिले. नामदेव महाराज मात्र रागावले आणि हे मडके कच्चे आहे असा निवाडा झाला. परंपरा सांगते की त्यानंतर ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू भेटले. पुढे त्यांची पदे थेट गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. कच्चे ठरले म्हणून नामदेवांना कोणी संतमेळ्यातून उठवले नाही. आणि ते कच्चे आहेत हे देवळातल्या एकांतात कळले नाही, मित्रांच्या बैठकीत कळले. तुमचा मित्र जेव्हा 'काय महाराज, आज प्रवचन नाही का?' असे चिडवतो, तेव्हा तो नकळत थापटणेच मारत असतो. आपल्यातून कोणता आवाज येतो ते ऐकावे. राग आला तर मडके अजून भट्टीत ठेवायचे आहे, एवढेच समजावे.

काही संगती खरोखर घातक असतात, हे कोणी नाकारत नाही. व्यसनाचा आग्रह होत असेल, फसवणुकीत सामील व्हा असे कोणी म्हणत असेल, तर ठामपणे नकार द्यावा. पण नकार त्या कृत्याला असावा, त्या माणसाला नको. आज तुम्ही ज्याचा फोन 'संसारी' म्हणून टाळत आहात, तो कदाचित नापास झाला असेल, त्याची नोकरी गेली असेल, घरी सांगता येत नाही असे काही त्याच्या मनात साचले असेल. त्याला त्या रात्री प्रवचन नको असते. समोर बसून चहा पिणारा कोणीतरी हवा असतो. भगवंतांनी पाचव्या अध्यायाच्या शेवटी स्वतःला सर्व भूतांचा सुहृद म्हटले आहे. त्यांच्या भक्ताला एका मित्राचाही सुहृद होता येत नसेल, तर भक्तीत काहीतरी राहून गेले आहे.

छंदाच्या वेळी

आपल्या भाषेत 'छंद' हा शब्द किती सुंदर आहे! कवितेच्या वृत्तालाही छंद म्हणतात, आवडीलाही छंद म्हणतात, आणि देवाचाही छंद लागतो. कोणी रांगोळी काढते, कोणी कुंडीत टोमॅटो लावते, कोणी पेटी शिकते. यात गुण मिळत नाहीत, पगार मिळत नाही. फळाची अपेक्षा न ठेवता कर्म कसे करावे, हा अवघड धडा छंदात आपोआप गिरवला जातो. संध्याकाळी पुसली जाणार हे ठाऊक असूनही सकाळी रांगोळीची रेघ सरळ यावी म्हणून जपणारा हात हा धडा कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगला शिकवतो.

युक्ततेची कसोटी इथेही आहे. छंदातून उठल्यावर मन ताजे वाटत असेल तर तो विहार. मोबाइलवर तासभर बोट फिरवून उठल्यावर मन थकलेले आणि चिडचिडे झाले असेल तर त्याला विहार म्हणता येणार नाही. आणि प्रत्येक चित्र किती जणांना आवडले हे मोजायची सवय लागली, की फळाची आसक्ती मागच्या दाराने आत आली असे समजावे.

कामाच्या ठिकाणी

गुरू नानकदेव (१४६९–१५३९) तरुणपणी पंजाबात सुलतानपूर लोधी येथे दौलतखानाच्या धान्यकोठारावर कामाला होते. परंपरा सांगते की धान्य मोजताना ते 'तेरा' या आकड्यापाशी आले की, हे सारे 'तुझेच' या भावात बुडून जात आणि तेरा, तेरा म्हणत माप घालत राहत. कोठार लुटवले जात आहे अशी तक्रार झाली. हिशेब तपासला, तर तो चोख निघाला.

आपल्याकडे संत एकनाथांची (१५३३–१५९९) कथा आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, तीच भगवंताकडे लागली तर? या कथेत गुरूंनी शिष्याच्या हातातली वही काढून घेतलेली नाही. वहीपाशी जी एकाग्रता तयार झाली तिच्याकडेच त्यांनी बोट दाखवले. ज्याला पैची चूक झोपू देत नाही, त्यालाच पुढे अंतरंगातली चूक दिसते.

दोन्ही कथांत हिशेब जुळतो. 'मी साधक आहे, म्हणून कामात थोडे इकडेतिकडे चालेल' असे या दोघांपैकी कोणीही म्हटले नाही.

रात्रीची नोंद

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच एक नियम शिकवतात. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. आणखी एक गोष्ट शिकवतात. तेरीज जुळली म्हणजे वह्या अचूक आहेत असे नसते, कारण जो व्यवहार लिहायचाच राहून गेला, त्याचा पत्ता तेरजेत लागत नाही.

पहाटेच्या ध्यानाचा तास आपण आपल्या पुण्याच्या बाजूला लिहितो. पण तो तास आपल्याला कोणी दिला? त्या वेळात पाणी कोणी भरले, दूध कोणी तापवले, लहान भावाला 'आवाज करू नकोस' असे कोणी सांगितले? ते खाते जमा करायचे राहून जाते. आपली तेरीज जुळते आणि आपण समाधानाने झोपतो.

म्हणून आजपासून एक महिना हा छोटा प्रयोग करा. झोपण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहा.

१. आज मला कोणी खाऊ घातले, आणि मी कोणासाठी हात हलवला?
२. आज कोणत्या मित्राचे मन लावून ऐकले?
३. आज फळाची आशा न ठेवता आनंदासाठी काय केले?
४. आज कोणते काम कोणी पाहत नसतानाही चोख केले?

एखादी ओळ कोरी राहिली तर स्वतःवर रागावू नका. ती उद्याची साधना समजा. महिन्याअखेरीस घरच्यांना विचारा, 'माझ्यात काही फरक पडला का?' त्यांचे उत्तर हाच आपला ताळेबंद.

पहाटेचा तास अवश्य जपा. त्या तासात जे तेल मिळते, त्यावरच दिवसभराचा दिवा जळतो. पण दिवा देवघरात लावून त्याचे दार बंद करू नका. त्याचा उजेड ओट्यावर पडू दे, मित्राच्या चेहऱ्यावर पडू दे, कामाच्या टेबलावर पडू दे. ज्याच्यासोबत आज आपण जेवलो, हसलो आणि कष्टलो, त्याच्यातला भगवंत ओळखायला आपल्याला अर्जुनासारखा उशीर होऊ नये, हीच प्रभुचरणी प्रार्थना.