न दिसणाऱ्याचा पुरावा

साखरशेतच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसत नाही. जव्हार-मोखाड्याचा मुलूख विसाव्या अक्षांशालगतचा. दूर उत्तरेत इलेक्ट्रॉन वातावरणात कोसळतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर हवा उजळते, हे इथल्या माणसाने कशाच्या जोरावर मानायचे? ‘न दिसणारा इलेक्ट्रॉन मानता, मग न दिसणारा देव का नाही?’ या सवालाला हमखास टाळ्या पडतात. माझ्या मते तो दोघांवरही अन्याय करतो.

ध्रुवीय प्रकाश भडकवणाऱ्या चुंबकीय वादळाचा माग मात्र इथेही लागतो. 2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरली. निरीक्षकांना इलेक्ट्रॉन ठाऊकच नव्हता. त्यांनी आकडे तेवढे लिहून ठेवले. सूर्याचा अशा वादळांशी संबंध असणे 1892 साली लॉर्ड केल्व्हिनसारख्या मातब्बराने अशक्य ठरवले. पुढे बिर्केलँड या शास्त्रज्ञाने ध्रुवीय प्रकाशामागे सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण आहेत असे मांडले. निकाल मात्र कोणाच्या मोठेपणावर लागला नाही. 1950 च्या दशकात व्हॅन ॲलन या शास्त्रज्ञाच्या गटाने फुग्यांवरून सोडलेल्या रॉकेटांनी वर काहीतरी टिपले. ते कण नव्हते, कणांमुळे निघालेले क्ष-किरण होते. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या, मॅकइल्वेन या शास्त्रज्ञाच्या रॉकेट-मोजणीत खुद्द इलेक्ट्रॉन सापडले, काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे. धुरावरून अग्नी ओळखणाऱ्या नैयायिकाला ही वाट परकी वाटू नये. कुलाब्याची घसरण नेमक्या कोणत्या प्रवाहाने झाली, यावर वाद अजून आहेच.

कोणी म्हणेल, साखरशेतचा शेतकरी रॉकेट उडवत नाही, त्याच्यापुरते हे शब्दप्रमाणच, म्हणजे जाणत्याच्या सांगण्यावरून मानलेले. कबूल, शहरातल्या बहुतेक प्राध्यापकांपुरतेही तेच आहे. पण सांगणारा स्वतःची चूक पकडली जावी म्हणून काय करतो, हे पाहता येते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला गेली. आकडा खरा राहावा म्हणून अख्खे बिऱ्हाड हलवणाऱ्याच्या शब्दाला वजन येते.

इथल्या गावांच्या वाघदेवाचे तसे नाही, आणि तो त्याचा उणेपणाही नाही. वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवणारे गाव काही भाकीत करत नसते. रान आपल्या एकट्याचे नाही, हे ते मान्य करत असते. वाघाने गाय नेली तरी पुढच्या वर्षी पूजा होतेच, कारण ती पूजा म्हणजे प्रयोग नव्हे. इलेक्ट्रॉनशी तुलना करणारा भक्त आपल्याच देवाला नको त्या परीक्षेला बसवतो. मात्र एखादा भगत अमुक ताप अमुक देवाच्या कोपाने आला आणि कोंबड्याने उतरेल असे म्हणाला, की त्याने स्वतःहून भाकीत केले; मग त्याच्याकडे कुलाब्याइतक्याच काटेकोर नोंदी मागायला हव्यात, आणि ताप आलेल्या मुलाला तोवर दवाखान्यात न्यायला हवे.