मागल्यासाठी एक बादली

उतारावर सायकल सोडून द्यावी, पायडलवरचे पाय स्वस्थ ठेवावेत आणि वारा कानांशी घोंगावू द्यावा, हे सुख वयाच्या ६७ व्या वर्षी पुन्हा वाट्याला येईल असे मला वाटले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे जर्सी सिटीला राहायला गेलो आणि ते अवचित लाभले. हडसन नदीच्या पलीकडच्या तीरावर न्यू यॉर्क, अलीकडे हे गाव. नदीकाठचा भाग सपाट आहे. त्याच्या पाठीशी पॅलिसेड्स नावाच्या खडकाचा उंच कणा उभा आहे. त्या कण्यावरच्या वस्तीला 'हाइट्स' म्हणतात. मुलीचे बिऱ्हाड तेथे.

त्या गावात सायकल चालवायला सायकल विकत घ्यावी लागत नाही. न्यू यॉर्कात २०१३ साली 'सिटी बाइक' नावाची सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली, आणि २०१५ साली ती नदी ओलांडून जर्सी सिटीत आली. ठिकठिकाणी सायकलींचे स्टँड आहेत. वर्गणी भरलेल्या माणसाने फोनवरून सायकल सोडवून घ्यावी, हवे तेथे जावे आणि तेथल्या स्टँडच्या मोकळ्या खाचेत ती अडकवून आपल्या कामाला लागावे. हिरवा दिवा लागला की आपली जबाबदारी संपली. सायकली दणकट, निळ्या, आणि वजनाने चांगल्या २० किलोच्या. मुलीने माझीही वर्गणी भरून टाकली, आणि मी रोज सकाळी चहा झाला की घराजवळच्या स्टँडवरून एक सायकल घेऊन नदीपर्यंत उतरू लागलो. तेथे बाकावर बसून पलीकडच्या उंच इमारती पाहायच्या, आणि येताना बसने यायचे.

येताना बसने! सगळी गोम या दोन शब्दांत होती. कारण असा शहाणा मी एकटाच नव्हतो. सकाळी कामावर निघालेले कितीतरी लोक सायकलीने खाली उतरतात, आणि संध्याकाळी दमलेभागलेले असल्यामुळे दुसऱ्या वाहनाने वर येतात. मग वरचे स्टँड ओस पडतात आणि खालचे इतके तुडुंब भरतात की सायकल ठेवायला खाच सापडत नाही. वर असलेल्याला सायकल नाही म्हणून अडचण, खाली पोचलेल्याला सायकल आहे म्हणून अडचण. पंगतीत पान मिळाले नाही तर माणूस उपाशी राहतो, हे आपल्याला समजते. पण जेवण झाल्यावर उष्टे पान ठेवायला जागा नाही म्हणून ते हातात घेऊन गावभर हिंडणाऱ्या माणसाची कल्पना करून पाहा. खालच्या गर्दीत सायकलस्वाराची गत तशी होते.

ही तऱ्हा त्या एका गावाची नव्हे. पॅरिसमध्ये २००७ साली अशा सायकली आल्या, तेव्हा माँमार्त्रच्या टेकडीवरून उतरणारे पुष्कळ आणि चढणारे थोडे असे झाले. मग चढावरच्या स्टँडवर सायकल नेऊन ठेवणाऱ्याला १५ मिनिटे जादा देण्याची युक्ती तेथल्या लोकांनी काढली. त्याच्याही आधी, १९६५ साली, ॲम्स्टरडॅममध्ये 'प्रोव्हो' म्हणवणाऱ्या बंडखोर तरुणांनी काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. सायकल बिनकुलपाची ठेवणे हेच कायद्याविरुद्ध होते. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. मला वाटते, पोलीस आडवे आले नसते तरी त्या तरुणांपुढे हे दुसरे संकट उभे राहणारच होते. गाव सपाट असले म्हणून काय झाले? सकाळी बहुतेकांना एकाच बाजूला जायचे असते.

असो. एके दिवशी सकाळी आमच्या स्टँडवर एकच सायकल उरली होती. मी ती सोडवली आणि बैठक माझ्या उंचीला बसवू लागलो, तेवढ्यात एक बाई घाईघाईने आल्या. अंगावर इस्पितळातला पोशाख, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी रिकाम्या खाचांच्या रांगेवरून नजर फिरवली, मग माझ्या सायकलीकडे पाहिले, मग हातातल्या फोनकडे. माझ्याकडे पाहून त्या किंचित हसल्या आणि उतार चालू लागल्या. त्या हसण्यात राग नव्हता. मी सायकलवर बसलो, दोन मिनिटांत त्यांना मागे टाकले आणि पुढे गेलो. त्या ड्यूटीवर चालल्या होत्या. मी बाकावर बसायला चाललो होतो.

त्या दिवशी बाकावर मन रमले नाही. आपले काय चुकले हे शोधू लागलो, तर काहीच हाती लागेना. वर्गणी भरलेली होती. मी आधी आलो होतो. बाईंनी सायकल मागितली नव्हती. एकही नियम मोडलेला नव्हता. न्यायाधीशापुढे उभे केले असते तरी मी सन्मानाने सुटलो असतो. ती सायकल त्यांना देऊन टाकता आली असती, हे सुचले ते बाकावर, नेहमीप्रमाणे उशिरा. पण तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. महिनाभर मी रोज एक सायकल खाली आणत होतो आणि एकही वर नेत नव्हतो. या बाई निदान माझ्या दृष्टीस तरी पडल्या. मी निघून गेल्यावर रिकाम्या स्टँडपाशी आलेली आणखी किती माणसे पायी उतरली असतील, आणि मी त्यांना पाहिलेही नसेल!

आमच्या लहानपणी पुण्याच्या वाड्यात न्हाणीघरात एक तांब्याचा बंब होता. घरात लहानमोठी चौदा माणसे. नरकचतुर्दशीला आई पहाटे चारला बंब पेटवायची, आणि उटणे लावून कुडकुडत आम्ही पोरे एकामागून एक अभ्यंगस्नानाला जायचो. रीत अशी होती की आपण एक बादली ऊन पाणी घेतले की मागल्यासाठी गार पाण्याची एक बादली बंबात ओतायची आणि जळणाची एक ढलपी आत सारायची. हे कोणी भिंतीवर लिहून ठेवले नव्हते. फटाके उडवायच्या घाईत आम्ही हमखास विसरायचो. पहिले पाच जण विसरले की सहाव्याच्या अंगावर कोमट पाणी यायचे, आणि त्या पाचांपैकी कोणाचाही कान धरता येत नसे. प्रत्येकाने एकच तर बादली घेतलेली असे. सगळ्यांचे आटोपल्यावर शेवटी आई आंघोळीला जायची. मागल्यासाठी म्हणजे नेमके कोणासाठी, हे माझ्या ध्यानात फार वर्षांनी आले.

आता, जो आठवणीने पाणी ओतायचा त्याने उपकार केला असे वाड्यात कोणी म्हणत नसे. ते दान नव्हते. पाणी सगळ्यांचेच होते. विसरणाऱ्याला चोरही कोणी म्हणत नसे. मग त्या बादलीला म्हणायचे काय? शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे की माणूस जन्मतो तो ऋण घेऊनच जन्मतो: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे. आपण कीर्तनांतून तीन ऋणे ऐकतो. हे चौथे सहसा कोणी सांगत नाही. ते फेडायचे कसे, तर माणसांना आसरा देऊन आणि अन्न देऊन. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की ऋण असायला अपराध घडावा लागत नाही. तान्ह्या मुलाने कोणाचे काय घेतलेले असते? बाकावर बसून मी स्वतःचा गुन्हा धुंडाळत होतो, म्हणून मला काही सापडले नाही. धुंडाळायचे होते देणे.

हे मी रात्री जेवताना बोलून दाखवले, तेव्हा कळले की मुलगी हे देणे केव्हापासून फेडते आहे. त्या योजनेत 'बाइक एंजल' नावाची एक सोय आहे. भरलेल्या स्टँडवरची सायकल रिकाम्या स्टँडवर नेऊन ठेवणाऱ्यांना त्यांनी हे देवदूताचे नाव बहाल केले आहे. कोठे सायकली हव्यात आणि कोठून उचलायला हव्यात, हे फोनवरच्या नकाशात दिसते; केलेल्या कामाचे पॉइंट मिळतात आणि त्यांवर काही बक्षीस मिळते. सायकली इकडून तिकडे नेण्यासाठी ट्रक आणि पगारी माणसेही आहेत; पण गावाच्या सकाळच्या घाईला ट्रक कोठवर पुरणार? कामावरून परतताना मुलगी मुद्दाम एक सायकल चढावर घेऊन येत असे, आणि आम्हाला वाटे की ती व्यायाम करते.

जावईबापूंना हे पसंत नव्हते. ते म्हणाले, "बाबा, ही काही धर्मशाळा नाही. २०१८ पासून हा कारभार 'लिफ्ट' कंपनीकडे आहे. नफा त्यांचा आणि हमाली आपली? त्यांनी आणखी चार माणसे कामावर ठेवावीत. चार चुली पेटतील." या बोलण्यात मला तथ्य वाटले आणि अजूनही वाटते. सेवेच्या नावाखाली पुष्कळांनी पुष्कळांकडून फुकट राबवून घेतले आहे, हे आपल्या देशात तरी कोणी नव्याने सांगायला नको. माझे म्हणणे इतकेच पडले की वाड्याच्या मालकाने नळ दुरुस्त करावा हे खरे, त्यासाठी त्याच्याशी भांडावे हेही खरे. पण तो नळ दुरुस्त होईपर्यंत मागल्याने गार पाण्याने आंघोळ करावी, असे त्यातून निघत नाही. चार चुलींच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

मग त्यांनी दुसरा हुकमी पत्ता टाकला. २०२४ साली न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांत गाजलेली हकीकत: काही एंजल मंडळींनी पॉइंटांचे गणित ओळखले. भरलेल्या स्टँडवरच्या सगळ्या सायकली त्यांनी जवळच्या रिकाम्या स्टँडवर नेल्या आणि पॉइंट मिळवले. आता पहिला रिकामा झाला आणि दुसरा भरला. पुन्हा त्याच सायकली माघारी. पुन्हा पॉइंट! असे करून काहींनी महिन्याला हजारो डॉलर मिळवले. गाव होते तसेच राहिले, घाम मात्र खरा गाळला गेला. जावईबापू खो खो हसले. मीही हसलो, पण हसता हसता थबकलो. कारण त्या मंडळींचे समर्थन मला तोंडपाठ होते. त्यांनीही एकही नियम मोडलेला नव्हता. बाकावर बसून मी स्वतःच्या बाजूने जे बोललो, तेच ते अक्षरशः बोलू शकले असते.

पैशाने पुण्य बाटते असे मानणारा मी नाही. त्या इस्पितळातल्या बाईंनाही पगार असणारच, आणि त्यामुळे त्यांची शुश्रूषा हिणकस ठरत नाही. पण पैसा कोठे येऊन उभा राहतो हे पाहावे लागते. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातील पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला आईबाप उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांत दंड बसवून पाहिला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आधी ताटकळणाऱ्या बाईंची भीड वाटे. दंड लागला तसे लोकांना वाटले की हे उशिराचे भाडे आहे, भरले की झाले. पुढे दंड काढून टाकला, तरी गेलेली भीड परत आली नाही. मला हा शेवटचा भाग फार अस्वस्थ करतो. त्या आईबापांच्या आणि त्या बाईंच्या मध्ये दंड येऊन उभा राहिला आणि बाई दिसेनाशा झाल्या. सायकली पुढेमागे करणाऱ्यांनाही रिकाम्या स्टँडपाशी येणारे माणूस दिसत नव्हते, पॉइंट दिसत होते. मला तर पॉइंटही नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर आला होता तो नुसता उतार.

आमची ही इतका वेळ भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, सकाळी भरायचे, दुपारी रिकामे व्हायचे, संध्याकाळी पुन्हा भरायचे. याला आम्ही स्वयंपाकघर म्हणतो. एवढ्यासाठी एंजल कशाला व्हायला लागते?" यावर आम्ही दोघेही पुरुष गप्प बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. सकाळी पायी उतरायचे आणि खालच्या भरलेल्या स्टँडवरून एक सायकल घेऊन वर यायचे. विजेवर चालणाऱ्या सायकलीही तेथे असतात. त्यांना वेगळे पैसे पडतात, आणि माझ्यातल्या पुणेकराला ते मानवले नाही. निम्मा चढ मी सायकलवरून खाली उतरून, ती हाताने ढकलत चढत असे. २० किलो म्हणजे काय, ते त्या चढावर कळते. मुलीने एंजलांत माझे नाव घातले होते. पॉइंट किती झाले हे जावईबापूच मला रोज रात्री हिशेब करून सांगत. त्या बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. मी सायकल खाचेत अडकवी, हिरवा दिवा लागे, आणि मी धापा टाकीत कठड्यावर बसे. एकदा असाच बसलो असताना पाठीवर दप्तर घेतलेला एक मुलगा धावत आला, मी ठेवलेली सायकल त्याने सोडवली आणि पाय वर घेऊन तो उतारावरून सुसाट खाली गेला.