नियत साफ असली तरी

काही वर्षांपूर्वी रमजानच्या आधी आमच्या भागातील एका शाळेच्या मुलांनी घरी एक छापील फॉर्म आणला. शाळेला दोन वर्गखोल्या बांधायच्या होत्या. खजुराची पेटी ३०० रुपयांना घ्यायची, त्यातील एक भाग बांधकाम निधीला जाईल, असे त्यावर लिहिले होते. किती पेट्या हव्यात ते भरून, खाली सही करून पालकांनी फॉर्म वर्गशिक्षिकेकडे पाठवायचा होता. ४२० पेट्या गेल्या. शाळेचा भाग पेटीमागे ५० रुपये होता, म्हणजे निधीला २१,००० रुपये मिळाले. उरलेले १,०५,००० रुपये खजूर पुरवणाऱ्या दुकानदारांकडे गेले. त्यांची दोन मुले त्याच शाळेत शिकत होती आणि निधी समितीचे खजिनदारही तेच होते. त्या समितीत मीही होतो.

येथे कोणी चोरी केली नाही, हे आधीच स्पष्ट करतो. शाळेचा एकेक रुपया वेळेवर जमा झाला. खजूर चांगला होता. पेट्या घरोघरी पोचवण्यासाठी त्या गृहस्थांनी स्वतःचा टेम्पो दिला, दोन रविवार खर्च केले. वार्षिक समारंभात त्यांना शाल देण्यात आली आणि त्या वेळी आम्ही सर्वांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

नंतरच्या बैठकीत एका शिक्षकाने विचारले, “या पेटीचा घाऊक भाव किती होता? आणि शाळेला ५० रुपये द्यायचे, हे ठरवले कोणी?” खजिनदार क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “माझी नियत साफ आहे. अल्लाह पाहतो आहे.” त्यानंतर कोणी काही बोलले नाही. बोलणार तरी काय? त्या वाक्यानंतर पुढचा प्रश्न विचारणे म्हणजे अल्लाहच्या साक्षीवर संशय घेणे, असे वातावरण झाले होते.

आपण ते वाक्य शांतपणे तपासून पाहू या, कारण ते आपल्या मशिदींच्या, मदरशांच्या, जमातींच्या बैठकांतही नेहमी ऐकू येते.

कृत्यांचे मोल नियतीवर ठरते, ही हदीस लहान मुलांनाही पाठ असते. इमाम बुखारींनी आपल्या संग्रहाचा आरंभच तिने केला आहे. पण ती हदीस माणसाला अल्लाहसमोर उभी करते. लोकांसमोर हिशेब देण्यापासून ती कोणालाही सूट देत नाही. पवित्र कुरआनमध्ये अनाथांच्या मालाविषयी जी आज्ञा आहे (४:६), ती या दृष्टीने पुन्हा वाचावी. सांभाळ करणारा सधन असेल तर त्याने त्या मालापासून दूर राहावे, गरजू असेल तर रीतीप्रमाणे घ्यावे, आणि माल परत सोपवताना साक्षीदार ठेवावेत, असे तेथे सांगितले आहे. हिशेब घेण्यास अल्लाह पुरेसा आहे, ही जाणीव त्याच आयतीच्या शेवटी येते. दोन्ही गोष्टी एकाच आयतीत आहेत. अल्लाह हिशेब घेणारा आहे म्हणून साक्षीदारांची गरज नाही, असे तेथे म्हटलेले नाही. आपण मात्र आयतीच्या शेवटच्या भागाने आधीचा भाग झाकून टाकतो.

खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक प्रसंग इमाम मालिक यांनी ‘मुवत्ता’मध्ये नोंदवला आहे. उमर (रजि.) यांचे दोन पुत्र, अब्दुल्लाह आणि उबैदुल्लाह, सैन्याबरोबर इराकला गेले होते. परतताना बसराचे अमीर अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी त्यांना सांगितले की, सार्वजनिक मालापैकी काही रक्कम मला मदीनेला पाठवायचीच आहे. ती तुम्ही कर्ज म्हणून घ्या, इराकमधून माल खरेदी करा, मदीनेत विका, मूळ रक्कम खलिफांच्या हवाली करा आणि नफा तुम्ही ठेवा. कोणाचेही नुकसान नव्हते. रक्कम मदीनेला पोचणार होती आणि वाटेत बुडाली असती तर ती भरून देण्याची जबाबदारी त्या दोघांची होती. आपल्या आजच्या समित्यांनी हा ठराव एका मिनिटात मंजूर केला असता.

उमर (रजि.) यांनी एकच प्रश्न केला. असे कर्ज सैन्यातील प्रत्येकाला दिले होते काय? उत्तर नकारार्थी होते. तेव्हा ते म्हणाले की, तुम्ही खलिफांचे पुत्र आहात म्हणूनच ते तुम्हाला मिळाले. मूळ रक्कम आणि नफा दोन्ही जमा करा. अब्दुल्लाह गप्प राहिले. उबैदुल्लाह यांनी युक्तिवाद केला की, तोटा झाला असता तर तो आम्हीच सोसला असता, मग नफा आमचा का नाही? हा युक्तिवाद पोकळ नव्हता. शेवटी तेथे बसलेल्या एकाने सुचवले की, हा व्यवहार भांडवल एकाचे व श्रम दुसऱ्याचे अशा भागीदारीचा मानावा. उमर (रजि.) यांनी मूळ रक्कम आणि अर्धा नफा घेतला, उरलेला अर्धा मुलांना दिला. श्रमाचा वाटा त्यांनी नाकारला नाही. पण वडिलांच्या पदामुळे उघडलेल्या दारातून आलेला सगळा नफाही मुलांच्या हाती राहू दिला नाही.

आता आपल्या पेट्यांकडे या. तो फॉर्म गावातील प्रत्येक दुकानदाराला मिळू शकला असता काय?

हनफी फिकहमध्ये या प्रश्नाचा बारकाईने विचार झाला आहे. दुसऱ्याच्या वतीने विक्री करणाऱ्या प्रतिनिधीला तो माल स्वतःलाच विकता येत नाही, कारण एकच व्यक्ती एका सौद्यात विकणारी आणि घेणारी अशा दोन्ही बाजूंना उभी राहू शकत नाही. आपल्या वडिलांशी किंवा मुलाशी असा सौदा करण्यासही इमाम अबू हनीफा परवानगी देत नाहीत. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद बाजारभावाने असेल तर देतात. अनाथाच्या मालाच्या सांभाळकर्त्याने तो माल स्वतः घ्यायचाच असेल, तर अनाथाचा फायदा उघड दिसला पाहिजे. त्याचे माप नंतरच्या फकीहांनी असे दिले की, दहाची वस्तू त्याने पंधराला घ्यावी. त्या बुजुर्गांना माणसाच्या मनाची पुरेपूर ओळख होती. बाजारभाव ठरवणारा स्वतःच घेणारा असेल, तर बाजारभाव हा शब्दही त्याच्या बाजूला झुकतो, आणि ते त्याचे त्यालाही कळत नाही.

(पेटीबरोबर लकी ड्रॉचे कूपन द्यावे, अशीही सूचना त्या वेळी आली होती. ती जुगाराच्या जवळ जाते म्हणून आम्ही एकमताने फेटाळली. तो धोका आम्हाला लगेच ओळखू आला.)

आणखी एक बाजू आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अज्द टोळीतील एका माणसाला जकात गोळा करण्यास पाठवले होते. परत आल्यावर त्याने काही माल वेगळा काढून, हा मला भेट म्हणून मिळाला, असे सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून विचारले की, हा माणूस आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या काय? आमच्या ४२० पेट्यांपैकी किती त्या दुकानात आपोआप विकल्या गेल्या असत्या? फॉर्म मुलांच्या हातून घरी गेला आणि बाईंच्या हाती परत आला. शिलाईकाम करून घर चालवणाऱ्या एका आईने नंतर सांगितले, “वर्गात फक्त माझ्याच मुलीचा फॉर्म कोरा राहिला असता.” ३०० रुपये शाळेसाठी देत आहोत, अशीच तिची समजूत होती.

असा काटेकोरपणा केला तर मदतीला पुढे कोण येईल, असे आपण विचाराल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. लहान गावात पालक म्हणजेच किराणावाले, छापखानेवाले, गणवेश शिवणारे, मंडपवाले. त्यांना वगळून शाळा चालणार नाही आणि त्यांनी शाळेशी व्यापारच करू नये, असेही मी म्हणत नाही. आपला संबंध आधी सांगावा, दर ठरताना बाहेर बसावे, खरेदीची पावती टेबलावर ठेवावी आणि ३०० पैकी किती रुपये शाळेचे, ते फॉर्मवर छापावे. यात कोणाचाही अपमान नाही.

आणि प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकावर बदगुमानीचा जो आरोप झाला, त्याविषयी. प्रेषित (स.) एतिकाफमध्ये असताना त्यांच्या पत्नी हजरत सफिया (रजि.) रात्री भेटीस आल्या. त्यांना पोचवायला ते निघाले असता दोन अन्सारी घाईने पुढे जाऊ लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवून, या सफिया आहेत, असे सांगितले. त्या दोघांनी काहीही विचारले नव्हते. ज्यांच्यावर संशय घेण्याचा विचारही श्रद्धावंताच्या मनात येऊ नये, त्यांनी न विचारता खुलासा केला. आमच्या बैठकीत विचारूनही झाला नाही.

पुढच्या वर्षी तीन दुकानांकडून बंद पाकिटात दर मागवले. पाकिटे उघडण्याआधी खजिनदार स्वतःहून उठून बाहेर गेले. त्यांचा दर दुसरा ठरला, काम दुसऱ्या दुकानाला गेले. त्या दुकानाने पेटीमागे ७० रुपये दिले, पण घरपोच टेम्पो नव्हता, आणि फॉर्म आता मुलांच्या हाती न देता कार्यालयात ठेवले होते. २६० पेट्या गेल्या, १८,२०० रुपये जमले. आधीच्या वर्षापेक्षा निधी कमी आला, हे काहींनी बैठकीत बोलून दाखवले आणि ते खरेच होते. खजिनदार त्या शिक्षकाशी सलामापुरतेच बोलतात.

पहिल्या वर्षीच्या ४२० पेट्यांची खरेदीची पावती आम्ही अजून मागितलेली नाही. त्या ठरावाच्या कागदावर तिसरी सही माझी आहे.