उशिरा आलेल्यांचा वाटा



दिवाळीची सुट्टी संपून शाळांचे दुसरे सत्र सुरू होते, त्याच सुमारास आपल्या हातकणंगले तालुक्यात साखर कारखान्यांचे गाळपही सुरू होते. हुपरी, इचलकरंजी, नरंदे या बाजूच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात आणि शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर, जालना अशा भागांतून आलेली ही माणसे चार-पाच महिने येथे राबतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही येतात. त्यांतली काही जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या दारात येऊन उभी राहतात. पुष्कळशी तेथवरही पोहोचत नाहीत.

अशा एखाद्या शाळेतील बाईंचा दिवस डोळ्यांसमोर आणू या. शिक्षक दोन, इयत्ता चार. थंडी पडू लागली म्हणून परिपाठ उन्हात. मग हजेरी, पोषण आहाराचा तांदूळ मोजून देणे, मोबाईलवर माहिती भरणे. त्यात ही नवी पाच मुले. एकाला वयाप्रमाणे तिसरीत बसवायचे आहे, कायदाच तसा आहे. पण त्याची अक्षरओळख पहिलीची. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच येते, कारण आईबाप रात्री ट्रक भरायला गेले तेव्हापासून तो तिच्याकडेच आहे. कोणाच्या घरी गोरमाटी बोलतात. बाईंजवळ गणितासाठी चाळीस मिनिटे आहेत. ती कोणाची?

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून शिकलो की, ज्याचे त्याला देत राहण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. उत्तरपत्रिकेत हे लिहिणे सोपे होते. वर्गात ‘ज्याचे’ म्हणजे नेमके काय, हे कोण ठरवणार? नवी मुले फाल्गुनात निघून जाणार. जुनी वर्षभर राहणार. त्यांचे पालक म्हणतात, ‘बाई, आमच्या पोरांचे पाढे मागे पडले.’ ही तक्रार स्वार्थी म्हणून झटकून टाकू नये. खरोखरच पाढे मागे पडतात.

येथे आपल्याला मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आठवेल. संध्याकाळी आलेल्या मजुरालाही धन्याने सकाळी आलेल्याइतकेच दिले. पण तो धनी स्वतःच्या पिशवीतून देत होता. बाईंची चाळीस मिनिटे त्यांच्या एकट्यांची नाहीत. दुसऱ्याच्या हक्काची वस्तू देऊन कोणी उदार होत नाही. त्यामुळे हा दाखला बाईंच्या हातात जसाच्या तसा देता येत नाही, असे आम्हाला वाटते.

मग पाहू या, ही मुले परकी आहेत का? तक्रार करणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांचा ऊस याच मुलांचे आईबाप तोडतात. मुकादमाकडून उचल घेऊन ते येतात, आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ असा त्यांचा हिशेब होतो. दोन माणसे मोजून एक, आणि मूल तर हिशेबातच नाही! ते पहिल्यांदा मोजले जाते ते बाईंच्या हजेरीपटावर. तेव्हा गावाचे या मुलांकडे काही देणे लागते, हे मान्य करावेच लागेल. पण देणे मोठ्यांचे. ते सात वर्षांच्या मुलाच्या पाढ्यांतून का फेडायचे? आमच्या मते चूक येथेच होते. असलेली मिनिटे कशी वाटावीत याचीच आपण चर्चा करतो; ती वाढवावीत कशी, हे बाईंवर सोडून मोकळे होतो. निवृत्त गुरुजी, कॉलेजात जाणारी मुलेमुली, कारखान्याचे सभासद यांपैकी कोणी आठवड्यातून दोन सकाळी वर्गात बसले, तर तोच वाद निम्मा होईल.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज सहा ते चौदा वयाच्या मुलांचा हक्क २००९ च्या कायद्यात आहे. पण दंड करायचाच तर कोणाला करणार? उचलीत अडकलेल्या बापाला? मुलांना गावीच हंगामी वसतिगृहात ठेवावे, हा दुसरा मार्ग आहे, आणि तो अनेकांना उपयोगी पडतो. आपल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांतूनच किती मुले घडवली! तरी सहा-सात वर्षांच्या मुलाने आईशिवाय पाच महिने राहायचे, ही किंमत लहान नाही. ज्या आईला ती द्यावीशी वाटत नाही, तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असते. ते दाखवले की पुढच्या शाळेत प्रवेश सोपा होतो. त्याला जोडून मूल कुठवर वाचते, हेही एका चिठ्ठीवर लिहावे. टोळीची गाडी बहुधा पहाटेच निघते, शाळा उघडण्याची ती वाट पाहत नाही. म्हणून तोड संपत आली की दोन्ही कागद आधीच मुलाच्या दप्तरात ठेवलेले बरे.