सहीमागचा हात

राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. २५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताई पाटील यांनी शपथ घेतली आणि हे बोलणं जरा जास्तच ऐकू येऊ लागलं. मला ते तेव्हा खटकलं, आजही खटकतं. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागावं, असं घटनेचं ७४वं कलम सांगतं. सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो. पुन्हा आला की मानावाच लागतो. आधीच्या पुरुष राष्ट्रपतींनाही हेच बंधन होतं. मग बाई त्या जागी आल्यावर पदाची मर्यादा तिचा दुबळेपणा कशी ठरली?

प्रतिभाताई १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या. पुढे एदलाबादेतून सलग चारदा निवडून आल्या. १९७९-८० मध्ये शरद पवारांच्या सरकारसमोर विरोधी पक्षनेत्या म्हणून उभ्या राहिल्या. माझ्या मते त्यांचा खरा वारसा राष्ट्रपती भवनातल्या पाच वर्षांपेक्षा या काळात आहे. पुण्यातल्या निवृत्तीच्या घरासाठी घेतलेल्या जागेवरून टीका झाली, ती रास्तच होती. २०१२ मध्ये त्यांनी ती जागा सोडली. अशी टीका कोणत्याही राष्ट्रपतीवर व्हावी.

बाईच्या सहीचा हाच प्रश्न गावपातळीवरही भेटतो. आमच्या शिळफाट्याच्या थांब्यावर गाडीची वाट पाहणाऱ्यांत खालापूर तालुक्यातल्या गावांच्या पंचायत सदस्य बायका असतात. कुणाच्या हातात पाणीयोजनेचे कागद, कुणाला कारखान्याच्या थकलेल्या घरपट्टीचा घोर. ७३व्या घटनादुरुस्तीनं १९९३ मध्ये त्यांना एकतृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये निम्म्या केल्या. ग्रामनिधीचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सहीशिवाय हलत नाही. म्हणजे सरपंचबाईच्या सहीला कायद्यानंच वजन आहे. पंचायतीचे ठराव तिलाही पाळावे लागतात, पण ते ठरवताना तिला स्वतःचं मत असतं. तरीही किती गावांत ‘सरपंचपती’ खुर्ची पुढे ओढून बसतो आणि ती कागद पुढ्यात येईल तिथे सही करते! दिल्लीत अधिकार कायद्यानंच आखून दिलेला होता. इथे कायद्यानं दिलेला अधिकार घरचं माणूस काढून घेतं, आणि गाव ते चालवून घेतं. रबरी शिक्का म्हणायचंच तर या चालीला म्हणावं. त्यातही ग्रामसभेत नवऱ्याला गप्प बसवून स्वतः बोलणाऱ्या बाया आहेत, आणि त्यांची हिंमत मला फार मोठी वाटते.

महाराष्ट्रानं देशाला पहिली स्त्री राष्ट्रपती दिली. राज्याला मात्र १९६० पासून एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी दहावा हिस्सा जागाही स्त्रियांकडे गेल्या नाहीत. विधानसभा-लोकसभेतल्या एकतृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेला आहे. तोवर पक्षांना कुणी अडवलेलं नाही: सरपंचपदी पाच वर्षं काढलेल्या बाईला ते पुढच्याच निवडणुकीत आमदारकीचं तिकीट देऊ शकतात.