चिल्लर शब्द

इटलीत रोबेर्तो बुसा नावाचे एक जेझुइट पाद्री होते. डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला होता: तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या धर्मचिंतकाच्या लेखनातली 'उपस्थिती'ची कल्पना. अक्वायनसचं लॅटिन लेखन अफाट. म्हणून बुसांनी सरळ वाट धरली. ग्रंथांच्या सूच्या उघडल्या आणि 'उपस्थित', 'उपस्थिती' या शब्दांचा माग काढला. हाती फारसं काही लागलं नाही.

मूळ वाक्यं वाचू लागल्यावर उलगडा झाला. अक्वायनसने ही कल्पना मांडली होती ती 'इन' या एवढ्याशा शब्दाच्या आधाराने. आपल्याकडे 'मध्ये' म्हणतो, तसा तो शब्द. पण 'इन'ला सूचीत कोण विचारतो? सूची करणाऱ्यांनी भारदस्त शब्द तेवढे टिपले होते, चिल्लर गाळून टाकली होती.

बुसा स्वतः कामाला बसले. 'इन' किंवा त्याच्या नात्यातला शब्द असलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी हाताने कार्डावर उतरवलं. अशी 10,000 कार्डं झाली. 1946 साली प्रबंध पार पडला, पण बुसा तिथे थांबले नाहीत. अक्वायनसचा एकही शब्द न वगळता सूची करायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

हे हाताने होणारं काम नव्हतं. 1949 साली ते न्यूयॉर्कला आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. आमच्या यंत्रांना हे जमणार नाही, असं वॉटसन म्हणाले. बुसांनी बाहेरच्या खोलीतून उचललेली कंपनीचीच जाहिरात पुढे केली: अवघड काम लगेच करतो, अशक्य कामाला जरा वेळ लागतो! वॉटसननी मदत कबूल केली.

वेळ मात्र 'जरा' लागला नाही. मिलानजवळच्या गलारातेत तरुण मुलींना शिकवून तयार केलं. त्यांनी वर्षानुवर्षं लॅटिन मजकूर छिद्रांच्या कार्डांवर चढवला. प्रत्येक रूप कोणत्या मूळ शब्दाचं, हे ठरवायला लॅटिन जाणणारी माणसंच लागली. अखेर 1980 साली 'इंडेक्स थोमिस्टिकस' या सूचीचे 56 खंड पुरे झाले. त्यात एक कोटीहून अधिक शब्दांची नोंद आहे आणि 'इन'लाही त्यात मानाची जागा आहे.

आज मराठीचा मजकूर गोळा करून संगणकावर अभ्यासणाऱ्यांच्या हातीही 'वगळायच्या शब्दां'ची तयार यादी असते. 'तर', 'की', 'ना', 'पण' यांना त्यात पहिली कात्री लागते. आता 'तो येतो', 'तो येतो ना?' आणि 'तो येतो की!' ही वाक्यं बघा. कात्री चालवली की तिन्ही सारखीच होतात. बोलणाऱ्याची खात्री, शंका, ठसका सगळं केराच्या टोपलीत जातं.

तात्पर्य : गोळा करताना निवड करू नये. काय बिनमहत्त्वाचं, हे अभ्यासाच्या शेवटी ठरतं, सुरुवातीला नव्हे.